दुपारपर्यंतचं दुखणं

खुटबाव, ता. दौंड
९ नोव्हेंबर १९९८

व्याहीबुवा भैरू दरेकर, मु. शिरूर, यांस बाळासो थोरातांचा सहकुटुंब रामराम.

दिवाळसणाला आपण केलेल्या पाहुणचाराची घरात अजून आठवण निघते. आमचा गोकुळ तर चार दिवस तुमच्या अनारशांचंच सांगत होता. सध्या आमची गुलछडी जोरात आहे. ऊन लागून फूल उमललं की बाजारात त्याला कुणी विचारत नाही, म्हणून दिवस उगवायच्या आत सगळं घर रानात वाकलेलं असतं. करंड्या भरल्या की टेंपो पुण्याला, गुलटेकडीला. गोकुळला कुरकुंभच्या कंपनीत सारखी रात्रपाळी लागते. तो सकाळी येतो आणि झोपतो.

आता विषय जरा नाजूक आहे. सूनबाईला, शितलला, अलीकडे सकाळचं बरं नसतं. उठली की डोकं जड, मळमळ, खाली वाकवत नाही. दिवस वर येईल तसा त्रास वाढतो. दुपारची जेवणं झाली की हळूहळू साफ मोकळी होते, हसते, बोलते. रोज असंच. बायकांच्या गोष्टीत मी पुरुषमाणूस काय बोलणार? तरी आपल्या कानावर घालणं माझं काम आहे. विहीणबाई एकदा येऊन पोरीला बघून गेल्या तर बरं होईल. तुम्ही समजून घ्यालच.

आपला,
बाळासो थोरात

*

शिरूर
१५ नोव्हेंबर १९९८

बाळासो पाव्हणं,

अहो, समजून घ्याल म्हणता? पत्र वाचून पुरं व्हायच्या आत समजलं! सकाळची मळमळ, दुपारनंतर ठणठणीत. आमच्या सिंधूबाईला तीन बाळंतपणांचा अनुभव आहे, तिला काय सांगायचं! मी पत्र वाचत होतो आणि ती पिठाच्या गिरणीत सगळ्या गिऱ्हाइकांसमोर टाळ्या वाजवत होती. तुम्ही आजोबा होणार आणि ते सांगायला एवढं लाजता? लग्नात पंगतीला केवढ्या मोठ्यानं आग्रह करत होतात, तेव्हा कुठं गेली होती ही लाज?

येत्या रविवारी सिंधूबाई आणि तिची बहीण ललिता खुटबावला येतात. हिरवी चोळी, हिरवा चुडा, चिंचा, आवळे सगळं जमवून झालंय. पोरीला तोवर जड करंड्या उचलू देऊ नका. विहीणबाई शेवंताबाईंना सांगा, पेढे आमच्याकडून.

तुमचा होणारा जोडीदार आजोबा,
भैरू दरेकर

*

खुटबाव
१ डिसेंबर १९९८

व्याहीबुवांस रामराम.

रविवारी जे झालं ते विहीणबाईंनी सांगितलंच असेल. लिहायला हात उचलत नव्हता म्हणून एवढे दिवस गेले. त्या आल्या, शेजारच्या भागुबाईला आणि आळीतल्या चार जणींना हाक मारली, आणि पोरीच्या हातात चुडा भरायला बसल्या. दुसऱ्याच बांगडीला शितल रडायला लागली. म्हणाली, "आई, तसं काई न्हाई गं. माझं डोकं दुखतंय निस्तं." बायका एकमेकींच्या तोंडाकडं बघत उठून गेल्या. चूक माझीच. मी आडून आडून लिहिलं आणि तुम्ही ते गोड मानून घेतलंत.

म्हणून आता सरळ लिहितो. आमच्या घरात शेवंताबाईचं म्हणणं असं, की हे कामापुरतं डोकं आहे. फुलांचा तोडा चालू असतो तोवर दुखतं, करंड्या टेंपोत चढल्या की थांबतं. परवा तिनं ओंजळभर गुलछडी शितलच्या नाकाशी धरली, तर पोरगी म्हणाली मला वासच येत नाही. एवढ्या फुलांत उभं राहून वास येत नाही म्हटल्यावर शेवंताबाई भडकली. "डोक्याचं सोंग हुतं, आता नाकाचं बी," असं चारचौघांत बोलली. मला ते बरं वाटलं नाही, पण मी गप्प बसलो. गोकुळ दोघींच्या मध्ये सापडलाय.

शितलला काही दिवस शिरूरला घेऊन जावं असं आमच्यात ठरलं आहे. तिथं विसावा मिळेल. तोडा संपल्यावर पुढचं पुढं बघू.

आपला,
बाळासो थोरात

*

शिरूर
२२ डिसेंबर १९९८

बाळासो पाव्हणं,

पोरीला घेऊन आलो. 'पुढचं पुढं बघू' याचा अर्थ मला कळतो. आमच्याच गल्लीत एक मुलगी अशीच विसाव्याला आली होती. तिचा मुलगा आता शाळेत जातो आणि ती अजून इथंच आहे. मी चेष्टेखोर माणूस, पण हे पत्र चेष्टेचं नाही.

तुम्हाला जे सांगायचंय ते सांगतो. इथं गुलछडी नाही. सासू नाही. तिला कुणी कामाला हात लावू देत नाही. आणि तरीही रोज मी गिरणी सुरू करतो तेव्हा ती ओसरीवर डावी भुवई मुठीनं दाबून बसलेली असते. ऊन चढतं तशी भिंतीला डोकं टेकते, उजेड नको म्हणते, वांती करते. मी गिरणी बंद करून जेवायला येतो तेव्हा तीच मला वाढत असते. आता मला सांगा, आईबापाच्या घरात कुणाला दाखवायचं हे सोंग? कोणतं काम टाळायचंय तिला?

इथल्या वैद्यानं अर्धशिशी म्हटलं. नाकात तुपाचे थेंब सोडून झाले. दिवस उगवायच्या आत दूध-जिलेबी खायला घालून झाली. जिलेबी मीच जास्त खाल्ली, तिला ती पोटात ठरेना. हे पत्र शेवंताबाईंना वाचून दाखवा. माझी पोरगी खोटी नाही, एवढं त्यांनी मानलं तरी मला पुष्कळ झालं.

भैरू दरेकर

*

खुटबाव
४ जानेवारी १९९९

व्याहीबुवांस रामराम.

तुमचं पत्र शेवंताबाईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. मधे एकदा हात थांबवून तिनं विचारलं, "तिथं बी दिवस वर येईल तसं वाढतंय?" मी म्हटलं, असं लिहिलंय. मग म्हणाली, "आन् जेवल्यावर उतरतंय?" मी व्हय म्हटलं. भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. मला वाटतं तिचा अजून विश्वास बसलेला नाही. ती फार कडक बाई आहे. सून असताना तिनं स्वतः कधी एक तोडा चुकवला नाही, तापात सुद्धा, त्यामुळं तिला दुसऱ्याचं दुखणं पटत नाही.

मी जास्त ताणून धरलं तर घरात भांडण होईल. जरा दम धरा. गोकुळ सुटी मिळाली की येईल. तो हल्ली जेवत नाही नीट.

आपला,
बाळासो थोरात

*

पुणे, दवाखान्यातून
१९ जानेवारी १९९९

बाळासो पाव्हणं,

हे पत्र तुमच्या फुलांच्या टेंपोवाल्याकडं देतोय, म्हणजे दुपारी तुमच्या हातात पडेल.

काल सकाळी शितल उठली तर डावा डोळा उघडेना. पापणी सुजून लाल झाली होती, आणि बोटांनी उघडून बघितलं तर म्हणाली, "नाना, तुम्ही दोन दिसताय." शिरूरच्या डॉक्टरनं हातसुद्धा लावला नाही, गाडी करून लगेच पुण्याला न्या म्हणाला. गोकुळरावांना कुरकुंभला फोन केला, ते कंपनीच्या कपड्यांतच आलेत. कालपासून तिच्या उशाजवळून हललेले नाहीत. तुमचा पोरगा सोन्यासारखा आहे, हे मी तोंडावर सांगत नाही, तुम्हाला लिहितो.

इथल्या नाकाच्या डॉक्टरनं डोक्याचा मोठा फोटो काढला, ज्याला ते सीटी स्कॅन म्हणतात, आणि मला समजावून सांगितलं. आपल्या भुवईच्या वर कपाळाच्या हाडात पोकळी असते. तिची मोरी नाकात उतरते. दिवाळीनंतर पोरीला पडसं झालं होतं ते गेलंच नाही, त्यानं ती मोरी बुजली आणि आत पू साठला. रात्री आडवं झाल्यावर ते तुंबतं, माणूस उठलं की पू मोरीच्या तोंडाशी उतरून दाब वाढत जातो, आणि दुपारपर्यंत हळूहळू निथळतो. म्हणून सकाळी मरण आणि दुपारी आराम. नाक आतून चोंदलेलं, म्हणून वास नाही. पोकळीच्या आणि डोळ्याच्या मध्ये पातळ हाड आहे, आता पू तिकडं ढकलतोय. उशीर केला तर डोळा जाऊ शकतो. म्हणजे पाव्हणं, पोरगी रोज खरं बोलत होती, आणि आपण कुणी ऐकलं नाही. मीसुद्धा तिला जिलेबी खाऊ घालत बसलो.

दोन दिवस सलाईनमधून औषध देऊन परवा ऑपरेशन करायचं म्हणतात. मी आधी नाही म्हटलं. आमच्या गावच्या आण्णा कासाराचं असलंच ऑपरेशन पूर्वी झालं होतं, त्याच्या भुवईवर अजून बोट बसेल एवढा खड्डा आहे. लहान पोरं त्याला भितात. पण हे डॉक्टर म्हणाले, आता कपाळ कापायचं नाही, नाकातून पेन्सिलीएवढी दुर्बीण घालून, टीव्हीवर बघत आतूनच ती मोरी मोकळी करायची. चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नाही. आता भीती एवढीच, की डोळ्याच्या इतक्या जवळ हत्यार जाणार.

तुमची सून आहे. तुमचं काय म्हणणं ते उद्याच्या टेंपोनं कळवा. पण 'पुढचं पुढं' असं लिहू नका.

भैरू दरेकर

*

खुटबाव
२० जानेवारी १९९९

व्याहीबुवांस,

घाईत लिहितोय, टेंपो सुरू करून उभा आहे. ऑपरेशन करा. माझं मत विचारू नका, मला मत द्यायचा अधिकार राहिला नाही. सूनबाईंना माझा आशीर्वाद सांगा.

दुसरं असं, की शेवंताबाई या टेंपोतूनच येते आहे. मी नको म्हटलं. दवाखान्यात वाद नको. पण तुमचं पत्र ऐकल्यापासून ती घरात थांबायलाच तयार नाही. आज तोड्याला सुद्धा आली नाही, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. करंड्यांच्या मध्ये जाऊन बसली आहे. तोंडाची तिखट आहे, पोरीला काही बोलली तर मध्ये पडा, आणि रागावू नका.

बाळासो

*

पुणे
२४ जानेवारी १९९९

बाळासो पाव्हणं,

ऑपरेशन पार पडलं. डोळा वाचला. सूज निम्मी उतरली आणि आता पोरीला एकच नाना दिसतो, तोही रडका. नाकात बोळे भरले होते ते काढले तेव्हा तिनं पहिला वास घेतला तो दवाखान्याच्या फिनेलचा. "काय घाण वास हाय!" म्हणाली आणि आम्ही सगळे वेड्यासारखे हसलो. सिंधूबाई तर अजून प्रत्येकाला सांगतेय, आमच्या शितलला घाण वास आला म्हणून.

तुमच्या मंडळींचं मात्र मला कोडं पडलंय. ऑपरेशनच्या आधी नर्स म्हणाली, मंगळसूत्र, जोडवी काढा आणि नाकातली चमकी तर काढलीच पाहिजे. चमकी लग्नातली, तुमच्या घरची. आमच्या सिंधूबाईचाच चेहरा उतरला, आणि मला वाटलं, आता शेवंताबाई अपशकुन म्हणून दवाखाना डोक्यावर घेणार. चमकीची फिरकी तर जाम बसलेली, नर्स ओढायला लागली तशी पोरगी कळवळली. शेवंताबाईंनी नर्सचा हात बाजूला केला, कुठून तरी खोबरेल मिळवलं, आणि पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बोटाच्या टोकानं फिरकी फिरवत बसल्या. नर्स घाई करत होती. त्या तिला म्हणाल्या, "थांब बाई. तिचं आधीच दुखतंय." मग सगळं पदराच्या गाठीत बांधून दाराशी बसल्या, त्या पोरगी बाहेर येईपर्यंत पाणी सुद्धा प्यायल्या नाहीत.

एवढं बघून मी पाघळलो होतो. पण नंतर त्यांनी डॉक्टरला गाठलं आणि उलटतपासणीच सुरू केली. सकाळीच का दुखतंय? वाकल्यावरच का? भुवईच्या वरच का? तो बिचारा सीटीचा फोटो उजेडावर धरून सांगायचा, आणि त्याचं सांगून झालं की यांचं पुन्हा पहिल्यापासून. फोटो बघून सुद्धा खात्री पटत नाही म्हणजे कमाल झाली. आतल्या खोलीत शितलजवळ बसून त्या बराच वेळ काही बोलल्या. मी विचारलं तर पोरगी म्हणते, काही नाही, नाना.

आता मुद्द्याचं. डॉक्टरनं सांगितलंय की बरेच दिवस खाली वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, ओझं उचलायचं नाही, मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवायचं आणि मधून मधून इथं दाखवायला यायचं. आणि शेवंताबाई म्हणतात, पोरीला खुटबावला नेणार! मी साफ नाही म्हटलंय. वाकायचं नाही असं सांगितलेल्या पोरीला गुलछडीच्या वाफ्यात कोण पाठवेल? कायमची ठेवून घ्यायची पाळी आली तरी चालेल, पण तोड्याला पाठवणार नाही. विहीणबाईंना तुम्हीच समजवा.

भैरू दरेकर

*

खुटबाव
९ फेब्रुवारी १९९९

नाना,

हे पत्र आत्याबाई सांगतायत आणि मी, तुमची शितल, लिहितेय. सांगेन तसंच लिहायचं, मनाचं एक अक्षर घालायचं नाही, अशी त्यांची ताकीद आहे. मामा गुलटेकडीला गेलेत.

भैरू पाव्हणं, रामराम. दवाखान्यातनं निघताना तुम्ही जीपच्या दारात आडवं हुबं ऱ्हायला हुता, तरी पोरगी माझ्यासंगं आली. तुम्हास्नी वाटलं आसंल, हिला सासूनं काय भुलवलं. तर ती सुखरूप हाय. रोज उठल्यावर मी पाणी कोमट करती, मीठ घालती, आन् ती नाक धुती. खाली पडलेला चमचा बी मी तिला उचलू देत न्हाई. तोड्याला भागुबाईची पोरगी लावली हाय. भागुबाई इचारत हुती, सून घरात बसून काय करती? म्हणलं, बरी हुती.

आता दवाखान्यात मी तिला आतल्या खोलीत काय बोलले, ते तिनं तुम्हास्नी सांगितलं न्हाई. मीच सांगू नगं म्हणले हुते. आता माझं मीच सांगती.

माझं बी डोकं दुखतंय. ह्या घरात लगीन हून आले, त्याच्या पुढल्या थंडीपासनं. असंच, सकाळचं. दिस वर येईल तसं भुवईच्या वर आतनं कुणी ठोकल्यावानी. वाकलं की डोळ्यापुढं अंधारी येती. आन् दुपारी भाकर खाल्ली की उतरतंय. सासूबाईला पहिल्यांदा सांगितलं, तवा ती म्हणली, समद्याच बायकांचं दुखतंय, तोडा थांबतोय व्हय? मला ते खरं वाटलं, पाव्हणं. मला वाटलं, समद्याच बायका असलं डोकं घिऊन वाफ्यात उतरत्यात आन् कुणी बोलत न्हाई. मग ही नवी पोरगी कपाळ धरून बसली तवा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणलं, आम्ही काय दगडाच्या हाय? म्हणून मी तिला तसली बोलले. लय वंगाळ बोलले.

तुमचं पत्र आलं, त्यात माझंच दुखणं लिवलेलं. मला काय सुधरंना. मग डाक्टरला फिरून फिरून इचारलं. तुम्हास्नी वाटलं, मी त्याला खोटा पाडतीय. त्यानं तो फोटू उजेडावर धरला आन् म्हणला, मावशी, हे दुखणं आहे, असं सगळ्यांचं नसतं. सगळ्यांचं नसतं म्हणला.

ही लिवायची थांबलीय. डोळं पुसतीय. म्हणलं, डोळं चोळू नगं, डाक्टरनं सांगितलंय, आन् लिव.

आता तिला दाखवायला पुण्याला जायचं हाय, तवा मी बी जाणार. डाक्टरला म्हणणार, बाबा, माझ्या बी नाकात ती दुर्बीण घालून बघ. हिनं मला हात धरून नेती म्हणून सांगितलंय.

फकस्त ह्यांस्नी अजून म्हाईत न्हाई. एवढी वर्सं शेजारच्या वाफ्यात वाकून आम्ही फुलं तोडली, आन् आता ह्या वयात त्यांच्यापुढं हुबं ऱ्हाऊन माझं डोकं दुखतंय म्हणायला मला जमत न्हाई. तोंडच उघडत न्हाई. तर तुम्ही एवढं करा. हे समदं तुमच्या भाषेत त्यांस्नी लिवून पाठवा. तुमचं पत्र आलं की ते मोठ्यांदा वाचत्यात. मी चुलीपाशी बसून ऐकंन.